जॉर्ज बूल : खरे-खोट्याचे गणित मांडणारा शिक्षक



मागच्या पालक सभेत एका आईने मला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. त्यांची मुलगी पाचवीत आहे. शेजारच्या मुलाला कोडिंगचा क्लास लावलाय, त्याची फी भरण्याची आमची ऐपत नाही, मग आमची मुलगी मागे पडेल का, असं त्या विचारत होत्या. खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका. संगणक म्हणजे माझ्यासाठी ऑनलाइन माहिती भरायचं साधन, तेही सर्व्हर चालू असेल तर! पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा उल्लेख आहे, तेव्हा आज ना उद्या हा विषय आपल्याही दारात येणारच.

म्हणून मी घरी जावास्क्रिप्टचे सुरुवातीचे धडे वाचायला घेतले. वेबसाइटला हलतं-बोलतं करणारी ही भाषा. तिचे पायाभूत घटक तसे मोजकेच आहेत. माहिती साठवायचा चल, म्हणजे नाव लिहिलेला डबा. त्या डब्यात ठेवायच्या गोष्टी : संख्या, मजकूर वगैरे. मग अटी, म्हणजे जर-तर. मग तीच कृती पुन्हा पुन्हा करणारे लूप आणि एखादं काम बांधून ठेवणारे फंक्शन. या यादीत एक शब्द मात्र मला अडला. तो म्हणजे बूलियन. याच्या किमती फक्त दोन : ट्रू किंवा फॉल्स, खरे किंवा खोटे. हा शब्द आला कुठून म्हणून शोधलं, तर ते एका माणसाचं नाव निघालं. आणि तो माणूस कोण? आपल्यासारखाच एक शाळामास्तर! आजचा पाठ त्याच्यावर.

बालपण आणि शिक्षण

जॉर्ज बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन या गावी झाला. वडील जॉन बूल जोडे शिवण्याचा व्यवसाय करत. आई मेरी अ‍ॅन लग्नाआधी एका श्रीमंत घरात सेविका होती. जॉर्ज चार भावंडांत थोरला. वडिलांचा जीव मात्र धंद्यात कमी आणि भिंगं, दुर्बिणी, गणित यांत जास्त रमे. त्यामुळे घरात पैसा बेताचा, पण पोराला गणिताची गोडी वडिलांमुळेच लागली.

शाळा जेमतेम प्राथमिक. पुढे गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याकडून जॉर्ज लॅटिन शिकला. ग्रीक स्वतःच्या स्वतः शिकला. नंतर फ्रेंच, जर्मन आणि इटालियनही त्याने अशाच आत्मसात केल्या. १४ व्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचे इंग्रजी पद्यात भाषांतर केले. वडिलांनी अभिमानाने ते स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणले. आणि झालं काय, तर एका शिक्षकाने वर्तमानपत्रातून जाहीर शंका घेतली, की या वयाच्या मुलाला असं भाषांतर करता येणंच शक्य नाही.

इथे मी वाचताना थांबले. कारण माझ्याकडूनही हेच झालं आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाने पावसावर फार सुंदर निबंध लिहून आणला. घरची परिस्थिती साधी, एरवी तो वर्गात बोलायचाही नाही. मी सगळ्यांसमोर विचारलं, कुणाकडून लिहून आणलास रे? तो काहीच बोलला नाही. पुढे कितीतरी दिवस त्याने वही तपासायला दिली नाही. नंतर कळलं, तो रोज संध्याकाळी आजोबांना पेपर वाचून दाखवायचा. त्याची भाषा तिथून आली होती. मी त्याची माफी मागितली, पण गेलेले दिवस थोडेच परत येतात? जॉर्जने लिहिणं थांबवलं नाही हे त्याचं मोठेपण. सगळीच मुलं तेवढी खंबीर नसतात, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

१६ व्या वर्षी शिक्षक

१८३१ मध्ये वडिलांचा धंदा बुडाला. १६ वर्षांचा जॉर्ज घरचा कर्ता झाला. डॉनकास्टर येथील एका शाळेत त्याला साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. आई-वडील आणि तीन धाकटी भावंडं, सगळ्यांचा भार त्या पगारावर. दिवसभर शिकवायचं आणि रात्री स्वतः शिकायचं, असा क्रम सुरू झाला. त्याने गणिताची पुस्तकं का निवडली, याची एक गोष्ट सांगतात. इतर पुस्तकं लवकर वाचून संपत, गणिताचं एक पुस्तक मात्र कितीतरी महिने पुरे. हाती पैसा कमी असणाऱ्याला हाच सौदा परवडणारा! लाक्रवा, लाग्रांज, लाप्लास अशा फ्रेंच गणितज्ञांचे अवघड ग्रंथ त्याने कुणाच्याही मदतीशिवाय वाचले.

१८३४ मध्ये, १९ व्या वर्षी, बूल यांनी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. त्याच सुमारास गावात कारागिरांसाठी एक संस्था सुरू झाली होती. तिचं वाचनालय त्यांच्या कामी आलं. १८३५ मध्ये तिथेच त्यांनी न्यूटनच्या कार्यावर व्याख्यान दिलं. पुढे दुकानांत काम करणाऱ्या नोकरांना संध्याकाळी लवकर सुट्टी मिळावी, म्हणजे त्यांना वाचता-शिकता येईल, या चळवळीतही ते होते.

नंतर केंब्रिजच्या गणिताच्या नियतकालिकात त्यांचे लेख येऊ लागले. केंब्रिजला जाऊन रीतसर पदवी घ्यावी असा विचार त्यांच्या मनात आला होता. पण शाळा बंद केली तर घर कसं चालणार? त्यांनी तो विचार सोडला. पदवी हुकली, अभ्यास मात्र थांबला नाही. १८४४ मध्ये एका शोधनिबंधासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. विचार करा, विद्यापीठाची पायरी न चढलेला, खेड्यापाड्यांत मुलं शिकवणारा एक शिक्षक आणि देशातल्या सर्वांत मानाच्या विज्ञानसंस्थेचं पदक!

विचारांचे बीजगणित

त्या काळी तर्कशास्त्र हा तत्त्वज्ञानाचा विषय मानला जाई. अ‍ॅरिस्टॉटलपासून सुमारे दोन हजार वर्षे तो शब्दांतच शिकवला जात होता. बूल यांना वाटलं, आपण विचार करताना जे आणि, किंवा, नाही हे शब्द वापरतो, त्यांनाही बेरीज-गुणाकारासारखे नियम असले पाहिजेत. १८४७ मध्ये त्यांनी यावर एक छोटं पुस्तक काढलं. त्यामागे एक निमित्त होतं. ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाचा तर्कशास्त्रावरून एका तत्त्वज्ञाशी मोठा वाद चालू होता. आपल्यासाठी विशेष म्हणजे हे डी मॉर्गन आपल्या भारतात, मदुराईला, १८०६ मध्ये जन्मले होते. पुढे १८५४ मध्ये बूल यांनी विचारांच्या नियमांवरचा आपला मुख्य ग्रंथ प्रसिद्ध केला.

बूल यांची कल्पना आपल्या वर्गातल्या उदाहरणाने पाहू. घाबरू नका, पाचवीच्या मुलांनाही कळतं.

समजा, वर्गातून चष्मा असलेली मुलं निवडायची आहेत. या निवडीला क्ष म्हणू. आता निवडलेल्या मुलांतून पुन्हा चष्मा असलेली मुलं निवडा. काय झालं? तीच मुलं राहिली. म्हणजे दोनदा निवडणं आणि एकदा निवडणं सारखंच. बूल यांनी हे असं लिहिलं : क्ष × क्ष = क्ष. आता नेहमीच्या संख्यांत असं कधी होतं? २ × २ = ४, इथे जमत नाही. ३ × ३ = ९, इथेही नाही. पण ० × ० = ० आणि १ × १ = १. फक्त या दोनच संख्या हा नियम पाळतात! म्हणून विचारांच्या बीजगणितात ० आणि १ एवढेच अंक पुरतात. १ म्हणजे सगळं, ० म्हणजे काहीच नाही.

मग चष्मा नसलेली मुलं कशी लिहायची? सगळ्यांतून चष्मेवाले वजा, म्हणजे १ − क्ष. आणि एकाच वेळी चष्मा असलेली व नसलेली मुलं किती? एकही नाही. म्हणजे क्ष × (१ − क्ष) = ०. एखादी गोष्ट एकाच वेळी आहे आणि नाही असं होऊ शकत नाही, हा तत्त्वज्ञानातला जुना सिद्धांत एका ओळीच्या समीकरणात आला. मला तर हे वाचून फार आनंद झाला.

आता आणि व किंवा बघा. आणि म्हणजे गुणाकार. १ × १ = १, पण १ × ० = ०. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच उत्तर खरे. किंवा म्हणजे बेरजेसारखं काहीतरी, पण इथे जरा गंमत आहे. आपण पाहुण्यांना चहा घेणार की कॉफी असं विचारतो, तेव्हा दोनपैकी एकच अपेक्षित असतं. पण प्रवेशाच्या वेळी आधारकार्ड किंवा रेशनकार्ड आणा असं सांगितलं आणि पालकांनी दोन्ही आणली, तर आपण त्यांना परत पाठवत नाही! बूल यांनी बेरीज वापरली ती एकमेकांत न मिसळणाऱ्या गटांसाठी, म्हणजे चहा-कॉफीसारखी. नंतरच्या तर्कशास्त्रज्ञांनी त्यात सुधारणा करून आधारकार्ड-रेशनकार्डवाला किंवा रूढ केला. आज प्रोग्रामिंगमध्ये हाच दुसरा अर्थ चालतो.

आयर्लंड, संसार आणि अखेर

१८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे नव्याने सुरू झालेल्या क्वीन्स कॉलेजात बूल यांची गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पदवी नसताना! मोठमोठ्या गणितज्ञांनी त्यांच्यासाठी शिफारसपत्रे दिली होती. आयर्लंड तेव्हा भीषण दुष्काळातून जात होता. तिथेच त्यांची ओळख मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झाली. आडनाव ओळखीचं वाटलं ना? भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट हे मेरीचे काका. त्यांचंच नाव पुढे १८६५ मध्ये जगातल्या सर्वांत उंच शिखराला दिलं गेलं. बूल मेरीला गणित शिकवत. १८५५ मध्ये दोघांचे लग्न झाले. पाच मुली झाल्या. १८५७ मध्ये बूल रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

१८६४ च्या नोव्हेंबरअखेरची गोष्ट. बूल घरून कॉलेजला पायी जात. अंतर साधारण पाच किलोमीटर. त्या दिवशी मुसळधार पाऊस होता. ते चिंब भिजले आणि तशाच ओल्या कपड्यांत तास घेतला. ताप चढला, न्यूमोनिया झाला. ज्या कारणाने आजार झाला त्यानेच तो बरा होतो, अशा समजुतीने पत्नीने त्यांना ओल्या चादरींत ठेवलं, असंही सांगितलं जातं. ८ डिसेंबर १८६४ रोजी, अवघ्या ४९ व्या वर्षी, ते गेले. धाकटी मुलगी तेव्हा सात महिन्यांचीही नव्हती.

पाच लहान मुली घेऊन मेरी लंडनला आल्या. मुलींच्या एका कॉलेजात त्यांनी ग्रंथपालाचं काम धरलं आणि लहान मुलांना गणित कसं शिकवावं यावर त्या आयुष्यभर विचार करत राहिल्या, लिहीत राहिल्या. आपण कार्डशीटवर सुई-दोऱ्याने सरळ रेघा ओवतो आणि त्यातून सुंदर वक्र दिसतो, ती कृती मेरी बूल यांचीच देणगी आहे. मुलींनीही नाव काढलं. अ‍ॅलिशिया भूमितीत, ल्युसी रसायनशास्त्रात प्राध्यापक म्हणून, तर धाकटी एथेल कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झाली.

बूलपासून जावास्क्रिप्टपर्यंत

बूल यांनी संगणक पाहिला नव्हता. विजेचा दिवाही तेव्हा घरोघरी आला नव्हता. त्यांचं बीजगणित बरीच वर्षे पुस्तकातच राहिलं. १९३७ मध्ये अमेरिकेत एमआयटी या संस्थेत शिकणाऱ्या क्लॉड शॅनन या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की विजेचं बटण चालू किंवा बंद असतं, म्हणजे १ किंवा ०. दोन बटणं एकापुढे एक जोडली तर दोन्ही दाबल्याशिवाय दिवा लागत नाही. हे झालं आणि. तीच बटणं समांतर जोडली तर कोणतंही एक दाबलं तरी दिवा लागतो. हे झालं किंवा. त्याने आपल्या प्रबंधात बूल यांची समीकरणं विजेच्या मंडलांना लावली. डिजिटल यंत्रांच्या रचनेचा पाया इथे घातला गेला.

१९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत तयार केला. त्यात खरे-खोटे या प्रकाराला बूलियन हेच नाव आहे. आणि साठी && हे चिन्ह, किंवा साठी || आणि नाही साठी ! हे चिन्ह वापरतात. आपण ऑनलाइन फॉर्म भरतो, तेव्हा एखादी रकाना चुकला की लाल अक्षरांत सूचना येते ना? तिथे आत असंच काहीतरी लिहिलेलं असतं : जर मोबाईल क्रमांक १० अंकी आहे && जन्मतारीख भरली आहे, तर पुढचं पान उघड, नाहीतर सूचना दाखव. एक अट खोटी ठरली की सगळं उत्तर खोटं. सर्व्हरचा राग बाजूला ठेवून हे एकदा बघा, मजा येते.

अजून एक बारकावा. जावास्क्रिप्टमध्ये अट तपासताना ० ही संख्या खोटी धरतात, रिकामा मजकूरही खोटा धरतात. पण तोच ० अवतरणचिन्हांत लिहिला, तर तो संख्या न राहता मजकूर होतो आणि खरा धरला जातो. नवशिके इथे हमखास फसतात. संख्या आणि अंकाचं चिन्ह यातला फरक आपण पहिलीपासून शिकवतोच की!

वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. उभे राहा, खाली बसा : जे सायकलवर येतात आणि ज्यांनी आज डबा आणलाय त्यांनी उभे राहा. मग त्याच वाक्यात आणि ऐवजी किंवा घ्या. दोन्ही वेळची संख्या फळ्यावर लिहा. किंवा घेतल्यावर संख्या कधीच कमी होत नाही, हे मुलं स्वतः शोधतात.

२. नाही ची गंमत : आता सांगा, सायकल आणि डबा दोन्ही असलेली मुलं सोडून बाकीचे उभे राहा. पुष्कळ मुलं चुकतात. ज्यांच्याकडे सायकल आहे पण डबा नाही, ती बसूनच राहतात. दोन्ही नाही म्हणजे एकही नाही, असं त्यांना वाटतं. खरं तर सायकल नाही किंवा डबा नाही, असे सगळे उभे राहायला हवेत. हाच डी मॉर्गन यांचा नियम. माझ्या वर्गात यावर दहा मिनिटं भांडण झालं आणि तो माझा सर्वांत चांगला तास झाला.

३. दोन बटणे, एक सेल, एक दिवा : विज्ञान पेटीतलं साहित्य पुरतं. आधी एकसर, मग समांतर जोडणी करून दाखवा.

४. मेरी बूल यांचा दोरा : काटकोनातल्या दोन रेषांवर कोपऱ्यापासून १ ते १० खुणा करा. बेरीज ११ येईल अशा खुणा सरळ दोऱ्याने जोडा. १ ला १०, २ ला ९, असं शेवटपर्यंत. सरळ दोऱ्यांतून वक्र उमटलेला पाहून मुलं खूश होतात.

थोडक्यात महत्त्वाचे

- जन्म : २ नोव्हेंबर १८१५, लिंकन, इंग्लंड
- शिक्षक म्हणून सुरुवात : १८३१, स्वतःची शाळा : १८३४
- रॉयल सोसायटीचे सुवर्णपदक : १८४४
- तर्कशास्त्रावरील पुस्तके : १८४७ आणि १८५४
- कॉर्क येथे प्राध्यापक : १८४९
- मृत्यू : ८ डिसेंबर १८६४, कॉर्क, आयर्लंड
- कॉर्कच्या विद्यापीठातील ग्रंथालयाला आज बूल यांचे नाव आहे.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येते. परवा त्या मुलीला सोडायला आल्या, तेव्हा मी त्यांना थांबवून सांगितलं, की क्लास नाही लावला म्हणून आत्ता काही बिघडत नाही. पुढे संगणकावर बसून सराव करावाच लागेल, ते मी नाकारत नाही. त्यासाठी शाळेतला एक संगणक शनिवारी मुलांना मोकळा मिळावा, असं मी मुख्याध्यापकांना विचारलं आहे. पण जर, तर, आणि, किंवा, नाही हे शब्द नेमकेपणाने वापरायला शिकणं हा या विषयाचा पाया आहे. तो आपल्या फळ्यावर, आपल्या मराठीत, एकही रुपया न घालता होतो. त्यांची मुलगी सायकल आणि डब्याच्या भांडणात सगळ्यांत पुढे होती, तेही मी त्यांना सांगितलं.

तुम्हीही हे उपक्रम वर्गात किंवा घरी घेऊन पाहा. आणि हो, एखाद्या मुलाने अपेक्षेपेक्षा चांगलं काही लिहून आणलं, तर आधी शाबासकी द्या. कुणाकडून आणलंस, हे विचारायची घाई करू नका.